संस्थेचे रूपांतर आणि कार्यपद्धतीची पुनर्रचना : लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे उदाहरण

एखादे काम कोणी आरंभावे, कोणत्या क्रमाने पुढे न्यावे, कोणत्या टप्प्यावर कोणी तपासावे आणि ते पुरे झाले असे केव्हा मानावे, या चार गोष्टी निश्चित झाल्या म्हणजे त्या कामाची कार्यपद्धती सिद्ध झाली असे म्हणता येते. चालू कार्यपद्धतीचा शोध घेणे, ती कागदावर आणणे, तिच्यातील दोष दूर करणे आणि सुधारलेल्या पद्धतीवर सतत नजर ठेवणे, या सर्व खटाटोपास आधुनिक व्यवस्थापनशास्त्रात व्यवसायप्रक्रिया व्यवस्थापन असे नाव आहे. कारखाने, बँका आणि विमा कंपन्या ही या शास्त्राची जन्मभूमी. साहजिकच त्याची उदाहरणेही बहुधा तेथलीच असतात. अर्ज एका मेजावरून दुसऱ्या मेजावर किती दिवसांनी जातो, एका सहीऐवजी तीन सह्या कशासाठी लागतात, अशा प्रश्नांची उत्तरे हे शास्त्र चांगली देते. परंतु संस्था आहे तशीच राहून तिची पद्धती तेवढी सुधारावयाची असेल तेव्हाची ही गोष्ट झाली. संस्थाच बदलू लागली, म्हणजे तिचा आश्रयदाता, तिचा आकार, तिच्यात येणारी माणसे आणि तिचे प्रयोजन यांपैकी काहीच पूर्वीचे उरले नाही, तर जुन्या पद्धतीतील काय बरोबर न्यावे आणि काय मागे ठेवावे हा प्रश्न पुष्कळच बिकट होतो.

या प्रश्नाला १९९० साली मायकेल हॅमर यांनी दिलेले उत्तर पुढे बरेच गाजले. जुन्या पद्धतीवर संगणकाचा साज चढविण्यापेक्षा ती मोडून टाकावी आणि कोऱ्या कागदावर नवी पद्धती रेखाटावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. अनेक कंपन्यांनी ते उत्साहाने अमलात आणले. पद्धती बदलल्या, त्याबरोबर माणसेही कमी झाली. काही वर्षांनी हॅमर यांनी स्वतःच मान्य केले की आपल्या अभियांत्रिकी दृष्टीमुळे या व्यवहारातील मानवी अंगाकडे आपले पुरेसे लक्ष गेले नव्हते. जी पद्धती मोडली जाते ती केवळ कागदावर नसते, ती माणसांच्या हातात, कानात आणि सवयीत वसलेली असते, हे या कबुलीचे मर्म होय.

लखनौ शहरात १९८४ पासून भारतीय व्यवस्थापन संस्था आहे आणि तेथे या विषयाचे रीतसर अध्यापन होते. परंतु या विषयाचा एक विलक्षण बोधप्रद प्रयोग त्याच शहरात तिच्याही अठ्ठावन्न वर्षे आधी झाला, आणि त्याचा सूत्रधार मुंबईचा एक मराठी वकील होता. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने १९२६ साली लखनौस हिंदुस्थानी संगीताचे महाविद्यालय निघाले. त्याचा विचार बहुधा संगीताच्या इतिहासात होतो. पण एका व्यवसायाची घरगुती कार्यपद्धती सार्वजनिक संस्थेत नेण्याचा प्रयत्न म्हणूनही त्याकडे पाहता येते, आणि तसे पाहिले असता काही निराळ्याच गोष्टी नजरेस येतात.

मूळ पद्धती कशी होती हे प्रथम पाहिले पाहिजे. उस्तादाच्या घरी शागिर्दाचा प्रवेश गंडाबंधनाने होई. त्यानंतर शिक्षणाची मुदत ठरलेली नसे, वेळापत्रक नसे, रागांचा क्रमही ठरलेला नसे. एकच राग वर्षभर चाले, तर कधी एका बैठकीत दोन चिजा मिळत. हा क्रम उस्ताद ठरवी आणि तो प्रत्येक शिष्यासाठी वेगळा असे. तपासणी मात्र अखंड चाले. शिष्य शेजारच्या खोलीत रियाज करीत असताना त्याचा स्वर ढळला तर आतून हाक येई. अंतिम परीक्षा म्हणजे मैफल, आणि परीक्षक म्हणजे जाणकार श्रोते व इतर उस्ताद. बाहेरून पाहणाऱ्यास ही अव्यवस्था वाटते. प्रत्यक्षात ती अतिशय कसून तपासणी करणारी, परंतु अत्यंत अल्प क्षमतेची अशी व्यवस्था होती. एका आयुष्यात एका उस्तादाच्या हातून चार-पाच शिष्य पुरते तयार झाले तरी पुष्कळ.

या व्यवस्थेचे आणखी एक अंग होते, ते द्रव्याचे. दुर्मिळ राग आणि खास चिजा ही घराण्याची मिळकत होती. ती मुलाला, पुतण्याला, क्वचित जावयाला मिळे. याला उस्तादांचा कृपणपणा म्हणण्याची रीत पडली आहे, पण ती न्याय्य नाही. ज्याचे उपजीविकेचे साधन केवळ त्याच्या स्मरणात आहे त्याने ते जपून वापरावे यात आश्चर्य कसले? दरबाराचा आश्रय होता तोपर्यंत हे सारे चालले. १८५६ साली अवधचे राज्य खालसा झाले, वाजिद अली शाह कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे गेले आणि लखनौच्या गवयांचा मोठा आधार तुटला. काही तालुकदारांच्या आश्रयास गेले, काही रामपूरसारख्या संस्थानांत गेले. भोवतीची संस्था पालटली होती, आतील पद्धती मात्र पूर्वीचीच होती. व्यवस्थापनशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर आश्रयदाता नाहीसा झाल्यावरही पद्धती त्याच्याच गरजांना धरून चालू राहिली होती.

भातखंडे यांचा जन्म १८६० साली मुंबईस वाळकेश्वरी झाला. १८८७ साली कायद्याची परीक्षा देऊन त्यांनी काही काळ वकिली केली, आणि वकिलाची वृत्ती त्यांच्या संगीतकार्यातही शेवटपर्यंत टिकली: आधी साक्षी, मग निर्णय. १९०४ साली त्यांनी दक्षिणेचा प्रवास केला. तेथे व्यंकटमखीच्या 'चतुर्दण्डिप्रकाशिका' या सतराव्या शतकातील ग्रंथातील बहात्तर मेळांच्या मांडणीने त्यांचे लक्ष वेधले. १९०८ च्या सुमारास उत्तरेचा प्रवास झाला. जागोजागी गवयांना प्रश्न विचारावे, एकाच रागाची निरनिराळी रूपे उतरवून घ्यावी आणि ती शेजारी ठेवून ताडून पाहावी, असा त्यांचा क्रम होता. मनरंग घराण्याचे जयपूरचे मुहम्मद अली खाँ यांच्याकडील चिजा त्यांना मिळाल्या. रामपूरच्या दरबारातून धृपदे मिळाली. जे चालू आहे ते आधी नोंदवावे आणि मगच नवे योजावे, हा व्यवसायप्रक्रिया व्यवस्थापनाचा पहिला नियम त्यांनी अशा रीतीने पाळला. कोऱ्या कागदावर त्यांनी काही रेखाटले नाही.

या कामाची तुलना एका समकालीन ग्रंथाशी करण्याचा मोह आवरत नाही. १९११ साली अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कामगारांजवळ परंपरेने साठलेले ज्ञान व्यवस्थापकांनी गोळा करावे, त्याचे वर्गीकरण करावे आणि त्याचे नियम बनवावेत, असे त्यात सांगितले आहे. भातखंडे यांचा 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ याच काळातला, आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' या मराठी ग्रंथाचा पहिला भागही १९१० चा. दोघांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. तरी दोघांनीही एकच नाजूक कृत्य केले: व्यक्तीच्या ताब्यातील ज्ञान सर्वांच्या ताब्यात आणले. टेलर यांच्या कारखान्यात ते मालकाकडे गेले. भातखंडे यांनी ते छापून कोणासही मोकळे केले. फरक लहान नाही. तथापि ज्याच्याजवळून ते घेतले त्या कारागिराच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही ठिकाणी त्याची मक्तेदारी गेलीच, आणि तिच्या बदल्यात त्याला काय मिळावयाचे हा प्रश्न दोन्ही ठिकाणी उरला.

१९१६ साली बडोद्यास, १९१८ साली दिल्लीस, १९१९ साली बनारसला आणि पुढे १९२४ व १९२५ साली लखनौस अखिल भारतीय संगीत परिषदा भरल्या. त्यांत उस्तादांना बोलावून रागांच्या रूपांविषयी एकमत करण्याचा प्रयत्न होता. एकमत सर्वत्र झाले नाही. परंतु ज्यांची पद्धती बदलावयाची त्यांना चर्चेस बसविणे ही गोष्ट त्या काळी नवीन होती. लखनौच्या परिषदांतूनच महाविद्यालयाची योजना निघाली. दर्याबादचे तालुकदार राय उमानाथ बली आणि संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांनी ती उचलून धरली. प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि संस्थेला त्यांचेच नाव मिळाले. नवजात संस्थेने सत्ताधीशाचे नाव धारण करावे ही त्या काळची रीतच होती. पुढे महाविद्यालय कैसरबागेतील परीखान्यात गेले. वाजिद अली शाहच्या नृत्यगायनाच्या तालमीची ही जागा. दरबार गेला आणि त्याच वास्तूत वर्ग भरू लागले.

आता नव्या पद्धतीचे स्वरूप. पहिली गोष्ट क्रमाची. 'क्रमिक पुस्तक मालिका' हे सहा भागांच्या ग्रंथमालेचे नावच पुरेसे बोलके आहे. आरंभी दहा थाटांचे दहा आश्रयराग, म्हणजे बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. त्यानंतर भूपाली, हमीर, केदार, बिहाग, भीमपलासी, जौनपुरी, मालकंस यांसारखे प्रचलित राग. शेवटी अप्रसिद्ध व मिश्र राग. मालिकेत दीड हजारांहून अधिक चिजा स्वरलिपीसह आहेत. थाटांच्या या वर्गीकरणावर विद्वानांनी पुष्कळ आक्षेप घेतले आहेत आणि त्यांतील काही सबळ आहेत. मात्र वर्गात एका वेळी वीस विद्यार्थी बसणार असतील तर काहीतरी एक क्रम हवाच. शास्त्र म्हणून थाट कमी पडला असेल; वेळापत्रक म्हणून तो उपयोगी पडला.

दुसरी गोष्ट स्वरलिपीची. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकास खाली व तार सप्तकास वर टिंब, एका मात्रेत अनेक स्वर असल्यास खाली अर्धवर्तुळ, समेस फुलीचे आणि खालीस शून्याचे चिन्ह. इतकी ही साधी लिपी आहे. शिकावयास आठवडा पुरे. येथे भाषेच्या अभ्यासकांसाठी एक लक्षणीय गोष्ट आहे. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा चार भागांचा ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपात मराठीत लिहिलेला. चिजांचे शब्द बहुतांशी व्रजभाषेतील. शिकणारे हिंदी व उर्दू बोलणारे, आणि शिकविणाऱ्या उस्तादांपैकी अनेकांचा ग्रंथांशी फारसा संबंध नसलेला. स्वरलिपीला भाषेची सीमा आड आली नाही; ती मुंबईहून लखनौस सहज गेली. त्या लिपीमागील सर्व ऊहापोह मात्र मराठीत अडकून राहिला. हाथरसच्या संगीत कार्यालयाने पुढे त्याचे हिंदी रूपांतर प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे तो उत्तरेच्या सामान्य विद्यार्थ्यास मिळाला. नियम आधी पोहोचले, नियमांची कारणे मागाहून. कोणत्याही संस्थेत नवी कार्यपद्धती आली की हेच घडते, आणि कारणे न कळता पाळलेले नियम लवकर कर्मकांड होतात.

लिपीत काय मावले आणि काय मावले नाही, हे पाहण्यासाठी भैरव आणि कालिंगडा हे दोन राग पुरेसे आहेत. दोहोंत सातही स्वर तेच: ऋषभ आणि धैवत कोमल, बाकीचे शुद्ध. कागदावर दोहोंच्या ऋषभाखाली तीच आडवी रेघ. पण भैरवाचा ऋषभ संथपणे आंदोलित होतो, धैवतही तसाच. आणि त्या आंदोलनातच भैरवाचे गांभीर्य आहे. कालिंगड्यात त्या स्वरांवर तसा ठेहराव नाही. तो चपल आहे. आंदोलन किती, केव्हा आणि कोणत्या स्वराच्या आधाराने, हे कागद सांगू शकत नाही. तीच गोष्ट दरबारीच्या गांधाराची. जौनपुरीतही गांधार कोमलच, चिन्हही एकच. पण दरबारीचा गांधार ज्याने समोर बसून ऐकला नाही त्याला तो पुस्तकातून मिळावयाचा नाही. मायकेल पोलान्यी यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात ज्याला अव्यक्त ज्ञान म्हटले ते हेच. माणसाला जे करता येते त्याचा मोठा भाग त्याला शब्दांत सांगता येत नाही. ध्वनिमुद्रणाने या अडचणीचा अर्धा भाग सुटतो. भैरवाचा ऋषभ त्यात जसाच्या तसा राहतो. मात्र ऐकणाऱ्याचा ऋषभ चुकला तर त्याला तेथेच थांबविण्याचे काम ध्वनिमुद्रण करीत नाही.

आणि नेमकी हीच गोष्ट नव्या पद्धतीतून गळाली होती. उस्तादाच्या घरी तपासणी प्रत्येक क्षणाला होती, महाविद्यालयात ती वर्षाच्या शेवटी आली. रियाज हा पद्धतीचा गाभा होता, तो विद्यार्थ्याची खाजगी बाब झाला. घरी शिष्याच्या गळ्याप्रमाणे क्रम बदले, येथे क्रमाप्रमाणे गळा बदलावा अशी अपेक्षा निर्माण झाली. हे दोष कोणाच्या हलगर्जीपणाचे नव्हते. शिक्षण थोड्यांकडून अनेकांकडे, वंशाकडून इच्छुकांकडे, पुरुषांकडून स्त्रियांकडेही न्यावयाचे म्हटल्यावर त्यासाठी द्यावी लागलेली ती किंमत होती. ज्या कुलीन घरांतील मुली उस्तादाच्या बैठकीस कधीच जाऊ शकल्या नसत्या त्यांना महाविद्यालयाचे दार उघडे झाले, हे विसरून या किमतीचा हिशेब करता येणार नाही.

ही उणीव भरून काढण्याचे काम श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी केले, आणि या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे. रातंजनकर हे भातखंडे यांचे शिष्य. शिवाय बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी उस्ताद फैयाज खाँ यांची तालीम घेतली होती. म्हणजे नवी व जुनी अशा दोन्ही पद्धतींत ते वाढले होते. १९२८ साली ते प्राचार्य झाले आणि १९५७ पर्यंत लखनौस राहिले. संस्थेच्या अध्यापकवर्गात लखनौ घराण्याचे तबलानवाज उस्ताद आबिद हुसेन खाँ होते, सरोदवादक उस्ताद सखावत हुसेन खाँ होते. पद्धती लिहून झाली, आता तिच्या मूळ धारकाची गरज नाही, असा हॅमरी विचार येथे झाला नाही. मिळकतीच्या बदल्यात उस्तादाला काय, या मघाच्या प्रश्नाचे निदान एक उत्तर या नेमणुकांत होते: वेतन आणि मान. ते पुरेसे होते असे कोणी म्हणणार नाही.

त्याहून मोलाची व्यवस्था नियमांत कोठेच लिहिलेली नव्हती. रातंजनकरांच्या घरी काही विद्यार्थी घरच्या मुलांप्रमाणे राहत. बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगलचे कृष्णराव गिंडे १९३६ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, असेच लखनौस आले आणि गुरुगृही राहून शिकले. दिवसा ते महाविद्यालयाचे विद्यार्थी, सकाळी व रात्री जुन्या अर्थाने शिष्य. एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, दिनकर कायकिणी हेही याच परिवारातले. अशा रीतीने एकाच संस्थेत दोन पद्धती शेजारी शेजारी चालत होत्या. अनेकांसाठी वर्ग, क्रम आणि परीक्षा. थोड्यांसाठी दीर्घ सहवास आणि अखंड तपासणी. पहिलीमुळे संस्था उभी राहिली, दुसरीमुळे तिच्यातून गवई निघाले. महाविद्यालयांतून कलावंत निर्माण होत नाहीत, हा आक्षेप इतक्या वेळा घेतला गेला आहे की त्याची म्हण झाली आहे. लखनौपुरते त्याचे उत्तर असे की जेथे दुसरी पद्धती जिवंत होती तेथे ते झाले. पहिली पद्धती त्यासाठी योजलेलीच नव्हती. तिने संगीताचे शिक्षक, आकाशवाणीचे अधिकारी, विद्यापीठांतील अध्यापक आणि समजून ऐकणारे श्रोते दिले. सुमती मुटाटकर यांनी आकाशवाणी आणि दिल्ली विद्यापीठ या दोन्ही ठिकाणी केलेले कार्य त्याची साक्ष आहे. पद्धतीचे यश मोजण्यापूर्वी ती कशासाठी आहे हे विचारले गेले असते तर पुष्कळसा वाद टळला असता.

एका संस्थेत जुळलेली पद्धती दुसरीकडे नेली की काय होते, याचेही उदाहरण रातंजनकरांच्याच चरित्रात आहे. १९५२ नंतर नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरील कलावंतांची चाचणी सुरू झाली आणि तिची धुरा रातंजनकरांकडे आली. गाण्याबरोबर रागज्ञानाचीही विचारपूस होऊ लागली. मैफलीत आयुष्य घालविलेल्या अनेक कलावंतांना हा अपमान वाटला आणि त्यांनी विरोध केला. महाविद्यालयात प्रश्नोत्तरे ही शिक्षणाच्या ओघातील गोष्ट होती. येथे तीच गोष्ट पोटापाण्याच्या दारावरची चौकी झाली. चाचणीचे हेतू वाईट नव्हते. वशिल्याला आळा बसावा हा त्यांतला एक होता. परंतु लखनौस पद्धतीच्या शेजारी जो सहवास होता तो आकाशवाणीच्या खोलीत नव्हता, आणि ज्यांची परीक्षा व्हावयाची त्यांना १९१६ च्या परिषदेप्रमाणे चर्चेस बसविलेही गेले नव्हते.

१९६६ साली उत्तर प्रदेश शासनाने महाविद्यालय आपल्याकडे घेतले आणि त्याला भातखंडे यांचे नाव दिले. २००० साली ते अभिमत विद्यापीठ झाले, आणि २०२२ साली भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय या नावाने राज्य विद्यापीठ. संस्थेचे रूपांतर असे तीनदा झाले आणि प्रत्येक वेळी पद्धती अधिक लेखी झाली: मंजूर पदे, निवृत्तीचे वय, तासांची संख्या, अर्हता. बेगम अख्तर यांच्यासारख्या गायिकेने या संस्थेत अध्यापन केले ते तिच्या पदवीमुळे नव्हे. पदवी ही पूर्वी शिक्षणाच्या शेवटी मिळणारी गोष्ट होती. पुढे देशभर ती शिकविण्याच्या आरंभी लागणारी गोष्ट झाली, आणि ज्या उस्तादांच्या ज्ञानावर अभ्यासक्रम उभे राहिले त्यांचे वारस त्या अभ्यासक्रमांच्या नोकरीस अपात्र ठरू लागले.

या विसंगतीवर पुढे दोन दिशांनी उपाय झाले. कलकत्त्यास १९७७ साली आयटीसी कंपनीने संगीत संशोधन अकादमी काढली. तेथे गुरूंना निवासस्थाने व वेतन दिले जाते आणि निवडलेले शिष्य त्यांच्या सान्निध्यात शिकतात. रातंजनकरांच्या घरी जे नियमाबाहेर चालत असे ते येथे नियमात आले. आणि ते आणणारी एक व्यापारी कंपनी आहे, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. दुसरा उपाय विद्यापीठ अनुदान आयोगाचा. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत संगीताच्या अध्यापकपदासाठी पदवी व पात्रता परीक्षा यांच्या जोडीला एक पर्यायी वाट ठेवली आहे. नामवंत परंपरागत गुरूंकडे तालीम घेतलेला आणि आकाशवाणी वा दूरदर्शनचा उच्च श्रेणीचा कलावंतही त्या पदास पात्र धरला जातो. त्या वाटेने किती नेमणुका व्हाव्यात हे त्या त्या विद्यापीठाच्या निवडसमितीवर अवलंबून आहे, आणि आकाशवाणीची श्रेणी मिळविण्यासाठी अर्थातच आधी ती चाचणी द्यावी लागते.